कोलोरॅडोतला हिमस्खलनाचा कोर्स: माझा अनुभव

डेन्व्हरमध्ये लिफ्टची रांग सोडून मोकळ्या डोंगरात स्की करायची म्हटलं, की जुनी मंडळी आधी विचारतात, "लेव्हल वन झालंय का?" हिमस्खलनाचा हा प्राथमिक कोर्स सक्तीचा नाही, पण तो नसेल तर कुणी सोबत घ्यायला फारसं राजी नसतं. पुण्यात असताना सह्याद्रीत भरपूर भटकलो होतो. ते इथे दम टिकवायला उपयोगी पडलं, बाकी फारसं नाही. निसरडा कातळ पाय ठेवताच समजतो. बर्फातला कच्चा थर मात्र खोलवर दडलेला असतो आणि वरून उतार अगदी देखणा दिसतो.

वर्गातला भाग पटकन उरकला. प्रात्यक्षिक साडेअकरा हजार फुटांच्या आसपास, बर्थुड पास परिसरात होतं. आधी बीकनचा, म्हणजे गाडलेल्या माणसाचा ठावठिकाणा सांगणाऱ्या अंगावरच्या रेडिओ यंत्राचा सराव. सगळ्यांची यंत्रं ४५७ किलोहर्ट्झवर संदेश पाठवतात, शोधणाऱ्याने आपलं 'सर्च'वर न्यायचं आणि पडद्यावरचे आकडे कमी होत जातील तसं पुढे सरकायचं. खिशातला मोबाईलसुद्धा गोंधळ घालतो, म्हणून तो लांब ठेवायचा. गाडलेला माणूस पंधराएक मिनिटांच्या आत बाहेर निघाला तर जगण्याची शक्यता बरीच असते, त्यानंतर ती झपाट्याने घसरते. सरावासाठी बीकन घालून पुरलेली पिशवी आपल्या बीकनने शोधणं त्या मानाने लवकर झालं. वेळ गेला तो फावड्यात. प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून पाहायची लांब काठी, जिथे लागली तिथून उताराच्या खालच्या बाजूने आत खणत जायचं. वरून सरळ खाली खणत बसलं तर दमछाकच होते.

खरा अभ्यास बर्फाचा. कोलोरॅडोत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पातळ बर्फ पडतो. खाली जमीन शून्याच्या आसपास आणि वर हवा कडाक्याची थंड, त्यामुळे त्या पातळ थरातून बाष्प वर सरकत राहतं आणि तळाशी जाड साखरेसारखे सुटे कण तयार होतात. ते एकमेकांना धरत नाहीत. त्यांच्यावर पुढे वादळांचा आणि वाऱ्याने आणलेला बर्फ घट्ट लादीसारखा बसतो. सावलीतल्या उत्तरेकडच्या उतारांवर ही दुखणी महिनोन्महिने टिकतात.

राज्याच्या हिमस्खलन केंद्राचं त्या दिवसाचं भाकीत तिसऱ्या पातळीचं, म्हणजे 'कन्सिडरेबल' होतं. पातळ्या पाच. पाचवीला बहुतेक लोक घरीच बसतात, तिसरीला जातात. ऊन पडलेलं असतं, ताजा बर्फ असतो, आणि मन 'चला' म्हणतं.

थर तपासायला आम्ही खड्डा खणला, त्याच्या भिंतीत नव्वद सेंटिमीटर रुंद आणि पुढून मागे तीस सेंटिमीटर जाड असा बर्फाचा खांब मोकळा केला. एका टोकाला फावडं ठेवून त्यावर मनगटातून दहा, कोपरातून दहा, खांद्यातून दहा टपल्या द्यायच्या. कोपराच्या टपल्यांमध्येच तळाजवळ चीर पडली आणि खांबाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावली. शेजारच्या गटाचा खांब मात्र शेवटपर्यंत उभा. त्यांच्यातला एकजण खुशीत म्हणाला, "मग आपला उतार चालेल की!" आमच्या शिक्षिकेने तिथेच अडवलं. त्यांचं म्हणणं, वाईट निकाल मानायचा, चांगल्या निकालावर विसंबायचं नाही. दहा पावलांवर बर्फ वेगळा असतो. खड्डा तुम्हाला 'नको' सांगू शकतो, 'जा' म्हणण्याचा अधिकार त्याला नाही.

माझ्या मते अख्खा कोर्स या एका गोष्टीसाठी करावा. उपकरणं कुणीही शिकवेल.

त्यानंतर उताराचा कोन मोजायचा इन्क्लिनोमीटर काढला. लादीची बहुतेक हिमस्खलनं तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर होतात, आणि नुसत्या नजरेने कोन ओळखणं भलतंच फसवं. डोळ्याला सौम्य दिसलेला उतार पस्तीस निघाला. गटात एकानेही नकार दिला तर पुढे जायचं नाही, हा नियम आधीच ठरलेला होता. आम्ही झाडांमधली पंचवीस अंशांची वाट घेतली. मात्र तीही वर कुठला मोठा उतार टांगलेला नाही ना, हे पाहूनच. धावती स्की फार नाही मिळाली.

बीकन घेणार असाल तर तीन अँटेनांचाच घ्या, जुना स्वस्त मिळाला तरी नको. आणि मोसमाच्या सुरुवातीला नव्या बॅटऱ्या घालून एकदा पार्कात पिशवी पुरून शोधून पाहा.