नखावरचा तास

संक्रांतीच्या आदल्या दिवशी ओट्यावर बसून नखं कापत होतो. दोन्ही अंगठ्यांच्या नखांवर एकेक आडवी रेघ दिसली. बोट फिरवलं तर खोलगट लागत होती. डवऱ्यामागे वावरात तास पडतो ना, तसा, पण अगदी बारीक. आधी वाटलं, कापूस वेचताना बोंडानं ओरबाडलं असेल. पण ओरखडा दोन्ही अंगठ्यांवर एकाच उंचीवर कसा येईल?

दोन दिवसांनी खोकल्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो तेव्हा सहज नख पुढं केलं. डॉक्टरांनी न विचार करता विचारलं, "गणपतीत आजारी होता का?" मी गारच पडलो. गणपतीत मला डेंग्यू झाला होता, पाच दिवस सलाईनवर होतो.

ते म्हणाले, जबर ताप आला की शरीर नख बनवायचं काम काही दिवस हळू करतं किंवा थांबवतं. ताप उतरला की पुन्हा सुरू. मधली तूट खाचेसारखी उमटते आणि नखाबरोबर पुढं सरकत जाते. बोटाचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं. माझी खाच मुळापासून जेमतेम सेंटीमीटरभर दूर होती. कातडीखाली दडलेला भाग धरला की हिशोब बरोब्बर चार महिन्यांवर येतो. जोसेफ बो नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं 1846 साली या खाचांचं वर्णन केलं, म्हणून त्या त्याच्याच नावानं ओळखल्या जातात. सातबाऱ्यावर माझ्या पिकाची नोंद आजवर एकदाही धड झालेली नाही. डेंग्यूची मात्र शरीरानं न सांगता केली, तीही दोन प्रतींत.

घरी आलो ते नख नाचवतच. माय तांदूळ निवडत बसली होती. माझं नख पाहायला तिनं हात पुढं केला आणि मला तिचीच नखं दिसली. चपटी, मधे दबलेली. पाण्याचा थेंब ठेवला तर ठरेल अशी.

"माय, हे काय?"

"भांडे घासून घासून झालं असन," म्हणत तिनं सुपातले चार दाणे तोंडात टाकले.

कच्चे तांदूळ ती वर्षभरापासून खात होती. सवय हाये, म्हणायची. वावरातून कापसाचं गाठोडं आणताना नाल्याजवळ दोनदा टेकायची. ते वय. उठल्यावर डोळ्यांपुढं अंधारी यायची. ते ऊन. प्रत्येक गोष्टीला घरात एक कारण तयार होतं, आणि कारण सापडलं की बघणं संपतं.

आता याच घरात माझे बाबा राहतात. पहाटे गोठ्यात शिरले की आधी बैलाच्या नाकाला हात. ओलं असलं तर ठीक, कोरडं असलं की कान चाचपणार, शेण पाहणार, रवंथ करतो का ते बघत उभे राहणार. पऱ्हाटीचं पान लाल पडलं तर बांधावरूनच सांगतात, लाल्या आला, मॅग्नेशियम कमी पडलं. पान लाल झालेलं त्यांना पन्नास फुटांवरून दिसतं. बायको पांढरी पडत चालली होती, ते मात्र एका ताटाच्या अंतरावर दिसलं नाही. बाबांना एकट्याला कशाला बोल लावू, मलाही दिसलं नव्हतं.

आशाताईंनी मायची खालची पापणी अंगठ्यानं ओढली. आत लालसर पाहिजे, तिथं ताकासारखा रंग. हिमोग्लोबिन 7.4 निघालं. बाईमाणसाला निदान 12 पाहिजे. तांदूळ, माती, खडू खावंसं वाटणं हेसुद्धा बरेचदा लोह कमी पडल्याचं लक्षण असतं, हे तेव्हा कळलं. तांदळाची भूक तांदळाची नव्हतीच म्हणायची.

आमच्या विदर्भात रक्त कमी निघालं की सिकलसेल हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजारही तपासतात. मायचं निगेटिव्ह आलं. पण मागच्या गल्लीतला एक पोरगा थंडी पडली की सांधे धरून रडायचा. लोक म्हणायचे, वाढतं वय आहे. डोळे पिवळे झाले की कावीळ समजून झाडपाला. 2023 मध्ये देशपातळीवरचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, त्यानंतरच्या तपासणीत त्याचं खरं कारण सापडलं. तोवर त्याची शाळेची दोन वर्षं गेली होती.

मायच्या गोळ्या सुरू झाल्या आणि आठव्या दिवशी तिनं त्या बंद केल्या. कारण सांगेना. शेवटी शेजारच्या काकूंजवळ बोलली: परसाकडं काळं होते, आतून काही तरी सडलं असन. इतकी वर्षं कुठल्याच लक्षणाकडं न पाहणारी माय पहिल्यांदा एका लक्षणाला भ्याली, आणि नेमकं ते बिनकामाचं होतं! लोहाच्या गोळीनं तसं होतंच, हे सांगायला आशाताईंना दोन चकरा माराव्या लागल्या. जेवणावरचा चहाही त्यांनी बंद करायला लावला, त्यानं लोह अंगी लागत नाही म्हणून. चहावरून मात्र मायनं आठवडाभर तोंड फुगवून ठेवलं.

होळीपर्यंत सुपातले दाणे सुपातच राहू लागले. नखं अजून तशीच आहेत, त्यांना मुळापासून वर यायला सहाएक महिने लागणार. माझा तास मात्र शेंड्याला आला होता. परवा तो कापून टाकला.

मायला आता पापण्या ओढायचा नाद लागलाय. माझी झाली, शेजारच्या काकूंची झाली, दळण घेऊन आलेल्या पोरीचीही झाली. काल संध्याकाळी तिनं मोर्चा गोठ्याकडं वळवला. बाबा बैलाचं तोंड उघडून दात पाहत होते.

"अवो, इकडं पाहा जरा."

बाबा दोन पावलं मागं सरकले. "मले काय धाड भरली हाये?"

बैलानं तेवढ्यात तोंड सोडवून घेतलं.