पहाटे पाचचं मीटर

"मॅडम, मासोळ्या तोंडं वर काढून हायेत जी. लवकर या." पहाटे साडेचारला मावशींचा फोन आला.

मी मूळची सांगलीकडची. गोंदिया जिल्ह्यात एका संस्थेसाठी तलावांचं पाणी तपासते. इथल्या लोकांच्या तोंडी हे 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी, सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या (मालगुजारांच्या) काळातले. कोहळी समाजाने धानासाठी बांधलेले; १९५०च्या सुमारास मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले.

तलावाच्या पाळीवर (बांधावर) पोचले तेव्हा झुंजुमुंजू होत होतं. सांडव्याजवळ रोहू, कतला पृष्ठभागावर धापा टाकत होते. मीटर सोडला: विरघळलेला ऑक्सिजन लिटरला १.२ मिलिग्रॅम. आदल्या दुपारी याच जागी मी ११ नोंदवला होता आणि खूश होऊन घरी गेले होते!

कारण समोरच होतं, हिरवंगार पाणी. वरच्या अंगाच्या धानाच्या बांध्यांतला युरिया पावसाबरोबर तलावात उतरलेला, त्यावर शेवाळ माजलेलं. ते दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्रभर तोच ओढतं.

"मरळ पाहा, तिले काही होत नाही," मावशी म्हणाल्या. खरंच होतं. मरळ वरची हवा घेऊ शकते. जीव चालला होता तो आम्ही विकत आणून सोडलेल्या मत्स्यबीजाचा.

मग त्यांनी मला पश्चिमेच्या कोपऱ्यात नेलं. तिथं पाणी नितळ, पाणवनस्पतींसकट तळ दिसत होता. मीटर ३.६ वर थांबला. पाणवनस्पतीही रात्री श्वास घेतातच, पण इथं त्यांनी गाळ धरून ठेवला होता, खताचा अंश शोषला होता, आणि शेवाळाला खायला फारसं उरलं नव्हतं.

हा कोपरा माझ्या अहवालात नव्हताच. आदल्या उन्हाळ्यात बेशरम ही तलावात माजणारी झुडपी वनस्पती काढायला मशीन लावलं, ते योग्यच होतं. तुकडा राहिला तरी ती पुन्हा फुटते. पण मशीनने तिच्याबरोबर तळातलं सगळंच खरवडलं आणि मी कागदावर 'तलाव स्वच्छ' असं लिहून मोकळी झाले. मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या बायांनी मात्र पहिल्या पावसानंतर शेजारच्या तलावातून हायड्रिला आणि देवधान या पाणवनस्पती आणून तेवढा कोपरा लावला. मला वाटलं होतं, हौस असेल.

त्या सकाळी डिझेल पंप लावून तलावाचंच पाणी उंचावरून परत तलावात पाडत राहिलो. ऊन येईपर्यंत बरेच मासे वाचले. मेलेले घमेल्यांतून काढले. मोजायचं धैर्य झालं नाही, मावशींनी मोजले.

पुढच्या जूनमध्ये मीही कमरेइतक्या पाण्यात उतरले. मुळं हाताने नाही, पायाच्या अंगठ्याने चिखलात दाबायची असतात. मावशींची ओळ सरळ गेली. माझी तीन रोपं तरंगत वर आली.

"काहून घाई करता जी?" मागून कुणीतरी हसलं.