दहा हजारांचा ताप

शनिवारी रात्री साडेअकराला झोपेत डाव्या कुशीवर वळलो, दंड गादीला टेकला आणि "आई गं" करत उठून बसलो. अंगात कणकण, दातावर दात वाजत होते. बायकोनं थर्मामीटर लावला, दिव्याखाली धरून वाचला. एकशे एक. मग अगदी शांतपणे म्हणाली, "लोक ताप आला की डॉक्टरला पैसे देतात. तुम्ही दहा हजार मोजून ताप विकत आणलात."

तेव्हा उत्तर द्यायच्या अवस्थेत नव्हतो, म्हणून आज देतोय.

घेतली होती नागिणीची लस, पहिला डोस. वय ६१. त्याआधी लस म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी यायच्या, कोविड आणि धनुर्वाताचं टीटी. कोविडची सगळ्यांनी घेतली तशी मीही घेतली. दुसऱ्या डोससाठी ८४ दिवस मोजले, सर्टिफिकेट मोबाइलमध्ये ठेवलं, विषय संपला. टीटीचा मात्र मी दर्दी माणूस.

नऱ्ह्यात माझं छोटं वर्कशॉप होतं, १९९२ पासून २०२३ पर्यंत. दोन लेथ, एक मिलिंग, एक ड्रिल. आता पुतण्या बघतो. लेथवर उभ्या राहणाऱ्याच्या बोटात लोखंडाचा बर, म्हणजे बारीक टोकदार कीस, घुसणं म्हणजे स्वयंपाक करणाऱ्याला चटका बसण्यासारखं, आठवड्याला एक ठरलेलं. लोखंड लागलं की कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जायचं, बाही वर करायची, टीटी मारून परत मशिनवर. पोरांनाही मीच पिटाळायचो. मागचं कधी घेतलं होतं, हा प्रश्न डॉक्टरनं कधी विचारला नाही आणि आम्हीही कधी सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात साखरेचे रिपोर्ट दाखवायला माणिकबागेतल्या आमच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. ते सहज म्हणाले, "काका, साठी झाली, साखर आहे. लसी कोणत्या झाल्यात?"

"टीटी," मी छाती काढून म्हणालो.

"किती?"

"वीस-बावीस तरी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे धनुर्वात तुमच्या गल्लीतूनसुद्धा जात नसणार."

मग त्यांनी नीट सांगितलं. लहानपणीचे डोस पूर्ण असले, की पुढं दहा वर्षांतून एक पुरतो. जखम खोल असेल, माती-शेण लागलेली असेल, तर मागच्या डोसला पाच वर्षं झालीत का ते बघायचं. उगाच वरचेवर घेतलं तर दंड सुजतो, बाकी काही पदरात पडत नाही. आणि माझा दंड सुजला, की मी वर्कशॉपभर सांगत फिरायचो, 'औषध जोरदार आहे!' शिवाय सरकारी लसीकरणात आता नुसतं टीटी राहिलेलं नाही. त्यात घटसर्पाची लस मिसळलेली असते, तिला टीडी म्हणतात. लोकांच्या तोंडी नाव मात्र टीटीच.

आणखी एक कबुली देऊन टाकतो. टीटी घोड्याच्या रक्तातून काढतात, असं मला चाळीस वर्षं वाटत होतं. हडपसरला पूनावालांची सीरम इन्स्टिट्यूट, सीरमवाल्यांचे घोडे, म्हणजे तेच. अगदीच हवेतलं नव्हतं हे. पूनावालांच्या फार्मवरचे वय झालेले घोडे मुंबईच्या हाफकिनला जायचे आणि तिथं त्यांच्या रक्तातून धनुर्वाताचं सीरम तयार व्हायचं. आपणच का करू नये, म्हणून १९६६ साली पुण्यात कंपनी निघाली, तिच्या नावातच सीरम आहे. पण ते सीरम म्हणजे घोड्याच्या अंगात तयार झालेली प्रतिपिंडं, दुसऱ्याच्या घरून आणलेला तयार डबा, चार दिवस पुरतो. टीटी म्हणजे आपल्याच घरात स्वयंपाकाची सोय. ही फोड डॉक्टरांची, माझी नाही.

"बाकीचं काय?" त्यांनी विचारलं.

"बाकीचं काय असतं?" मी म्हणालो.

खरंच माहीत नव्हतं हो. मुलीचं लसीकरणाचं कार्ड अजून बायकोच्या कपाटात साडीच्या घडीत आहे. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन, नऊ, सगळ्या रकान्यांत तारखा आणि सह्या. एक तारीख हुकली तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता. सोळाव्या वर्षानंतर ते कार्ड संपतं आणि पुढं माणसाला विचारणारं कुणी नाही. आमच्यासारख्यांची लस ठरते ती दुसऱ्या कुणाच्या तरी दुखण्यावरून. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूनं देशातला पहिला बळी पुण्यात घेतला, तेव्हा सगळं शहर रुमाल बांधून फिरत होतं. तापानं फणफणलेल्या आमच्या एका कामगाराला घेऊन मी नायडू हॉस्पिटलच्या रांगेत चार तास उभा होतो. त्या दिवशी कुणी लस आणली असती, तर टोचून घ्यायला पहिला हात माझा. पुढं फ्लूची लस दरवर्षी मिळायला लागली आणि मी घेतली एकदा. भीती ओसरली की बाही खाली.

नागिणीच्या लसीचं कारण माझी ताई.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी, सदाशिव पेठेत एकटी राहते. गेल्या श्रावणात तिच्या डाव्या खांद्याच्या पात्याखाली दुखायला लागलं. तीन दिवस गॅस समजून ओवा खात होती. चौथ्या दिवशी पाठीपासून छातीपर्यंत पाणी भरलेल्या फोडांचा पट्टा उठला. खालच्या काकू बघायला आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "अगंबाई, नागीण!" लगेच गेरू आला, उगाळून झाला, लावून झाला. आणि वर ते जगप्रसिद्ध वाक्य, नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो.

मला फोन आला तेव्हा ताई रडत होती. शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेली बाई. म्हणाली, "अरे, चार बोटं राहिलीत फक्त." आरशासमोर उभं राहून तिनं ते अंतर मोजलं होतं.

डॉक्टरकडे नेलं तो फोड उठल्यापासूनचा पाचवा दिवस. आधी गेरू धुवायलाच अर्धा तास गेला, आणि तिला हात लावू देववत नव्हता. डॉक्टर म्हणाले, लहानपणी कांजिण्या झाल्या की त्यांचा विषाणू जात नाही, मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो. वय झालं, प्रतिकारशक्ती ढिली पडली, की पन्नास-साठ वर्षांनी तो एखाद्या तंतूच्या वाटेनं बाहेर येतो. तंतू एका बाजूचा, म्हणून पट्टाही एकाच बाजूला. सहसा तो मधली रेघ ओलांडत नाही. म्हणजे ते तोंड आणि शेपूट जुळायचा प्रश्नच नव्हता. चार बोटं तशीच राहणार होती. गोळ्या मात्र फोड उठल्यावर पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर खऱ्या उपयोगी, आणि ते तास गेरूत गेले होते.

फोड तीन आठवड्यांत सुकले, दुखणं दिवाळी ओलांडून गेलं. ब्लाउजचा स्पर्श सहन होईना, म्हणून भावजींचे जुने मलमलचे सदरे घालून बसायची. पंख्याचा वारा लागला तरी कळ यायची. भाऊबीजेला मला ओवाळताना तिनं निरांजन उजव्या हातानं धरलं आणि डावा हात अंगापासून लांब, पंखासारखा. तो हात मला अजून दिसतो.

आम्हा तिघा भावंडांना कांजिण्या एकाच महिन्यात झाल्या होत्या. आधी ताईला, तिच्याकडून मला, माझ्याकडून धाकट्याला. आईनं तिघांना कडुलिंबाच्या पाल्यावर एका ओळीत निजवलं होतं. म्हणजे ताईच्या पाठीतून जो बाहेर आला, त्याचा सख्खा भाऊ माझ्या अंगात निजलाय.

ही लस पन्नाशीपुढच्यांसाठी आहे, भारतात २०२३ पासून मिळते, दोन डोस, मध्ये दोन ते सहा महिने. एका डोसला दहा हजारांच्या वर. आकडा ऐकून मीही गप्प झालो. बायको गप्प बसली नाही. पण तिचा खरा आक्षेप पैशांचा नव्हताच. तिनं मोबाइलवर वाचलं होतं, की या लसीनं जीबीएस होतो, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते आणि हातपाय लुळे पडतात तो आजार.

सिंहगड रोडवर राहणाऱ्याला जीबीएस म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. २०२५ च्या जानेवारीत नांदेड गाव, किरकटवाडी, खडकवासला, धायरी, सगळा आमचाच पट्टा. पेशंटचा आकडा दोनशेच्या वर गेला. शेजारच्या बिल्डिंगमधला एक तरुण मुलगा सकाळी चप्पल घालायला वाकला तो उठलाच नाही, पुढं कित्येक दिवस व्हेंटिलेटरवर होता. अजून आमच्याकडे पिण्याचं पाणी उकळून, गाळून, वर झाकून ठेवतात. अशा घरात 'लसीनं जीबीएस' हे वाक्य दोनदा म्हणायची गरज नसते.

डॉक्टरांकडे दोघं गेलो. त्यांनी नाही म्हटलं नाही, हे मला आवडलं. म्हणाले, "वहिनी, धोका आहे. अमेरिकेनं २०२१ साली तशी सूचना लसीच्या माहितीत घातली. प्रमाण दहा लाख डोसमागं साधारण तीन. आणि नागीण आयुष्यात तिघांतल्या एकाला होते, असं तिकडचेच लोक सांगतात." बायको अजून विचारात होती, माझं मात्र ठरलं. आम्ही मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवायचो. त्यांचे लोक येऊन सिक्स सिग्मा, सिक्स सिग्मा म्हणून डोकं खायचे. दहा लाख नगांत ३.४ खराब, ते म्हणे कारखानदारीतलं वैकुंठ. एकतीस वर्षांत मी तिथं पोचलो नाही. माझे दर हजारी दोन-चार नग सुखेनैव भंगारात जायचे.

आता ही लस मोठ्या माणसांना द्यायची कुठं? आमच्या डॉक्टरांकडे ठेवलेली नसते. शेवटी त्यांनीच एका बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, लसींचा वेगळा फ्रिज तिथं असतो म्हणून. वेटिंग रूममध्ये सात तान्ही, चौदा पालक आणि मी. बसायला मोकळी होती ती हत्तीचं चित्र असलेली वीतभर खुर्ची. नर्सनं नाव पुकारलं, मी उठलो, तिनं माझ्या मागं बघितलं. "पेशंट कुठाय?"

"मीच."

कार्डही तिथलंच. 'बाळाचे नाव' या ओळीवर माझं नाव, 'जन्मवेळचे वजन' रिकामं. 'आईचे नाव' इथं तिचं पेन थांबलं. मी म्हटलं, लिहा. आई जाऊन अकरा वर्षं झाली. कार्डावर आली.

नर्सनं पावडरीची कुपी घेतली, दुसऱ्या कुपीतलं द्रावण त्यात सोडलं, अलगद फिरवलं. डाव्या दंडावरचा जुना गोल वण बघून म्हणाली, "काका, हे भाजलंय का?" तिला देवी काढल्याचा वण माहीत नव्हता. कसा असेल? देवीचा आपल्याकडचा शेवटचा रुग्ण १९७५ सालचा, तिची आईच तेव्हा शाळेत असेल. सुई त्या वणाच्या दोन बोटं खाली गेली. टोचताना काही नाही. खेळ नंतर सुरू झाला.

इतका ताप का, ते नंतर शोधून वाचलं. लसीत विषाणूचा फक्त एक तुकडा असतो, त्यावर शरीर फारसं जागं होत नाही. म्हणून सोबत ढोल वाजवणारं द्रव्य घालतात, आणि त्यातला एक भाग चिलीमधल्या एका झाडाच्या सालीतून येतो. साल पाण्यात घुसळली की फेस येतो, तिकडचे लोक त्यानं कपडे धुवायचे. थोडक्यात त्यांचा रिठा. आई रिठ्यानं आमची डोकी धुवायची तेव्हा डोळ्यांची जी आग व्हायची, तिची या दंडाशी काही नातेवाईकी आहे हे वाचून बरं वाटलं. रविवार दोन क्रोसिन आणि मऊ भातावर गेला. सोमवारी सकाळी मंडईत जाऊन पावटा आणला.

एवढं सगळं बोलणाऱ्या बायकोची गंमत मात्र सांगायलाच हवी. मुलगी सातव्या महिन्यात आहे. तिच्या डॉक्टरीणबाईंनी तिला डांग्या खोकल्याची लस दिली, म्हणजे आईच्या रक्तातून संरक्षण बाळापर्यंत पोचतं आणि बाळाची स्वतःची लस सुरू होईपर्यंतचे दीड-दोन महिने निभतात. वर सांगितलं, बाळाला जे जवळ घेणार त्यांनीही घेतली तर उत्तम. मोठ्यांना हा खोकला नुसता साध्या खोकल्यासारखा रेंगाळतो, तान्ह्याचा श्वास अडकतो. फोनवर एवढं ऐकलं आणि बायको पायात चप्पल सरकवून उभी. मी म्हटलं, "अगं, आधी माहिती तरी वाच. धोके बिके?"

"त्यात काय वाचायचंय? चला."

दंड तिचाही दुखला, पण एका अक्षरानं बोलली नाही. त्यात धनुर्वाताचा डोसही असतो. म्हणजे माझे आता तेवीस.

काल ताईकडे गेलो होतो. तिला म्हटलं, नागीण होऊन गेली तरी लस घेता येते, परत होऊ शकते म्हणून डॉक्टर देतात. तिनं माझ्या दंडावर बोट दाबून बघितलं. "दुखतं?"

"आता नाही."

"तुझा दुसरा होऊ दे. मग बघू."

दुसरा डोस बाळाच्या बारशानंतर घ्यायचा, सहा महिन्यांच्या आत बसतो. घरी येऊन कालनिर्णय उघडलं, तर जुलैच्या पानावर दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी बायकोनं आधीच लिहून ठेवलेलं, 'ह्यांची नागीण, २'. त्याच चौकटीत खाली, बारीक अक्षरात, पेन्सिलीनं, 'माझी, १'.