आमची वाटचाल: तून, शिसव आणि परत आलेल्या चौदा गिटारी

मिरजेत इलेक्ट्रिक गिटार करतो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: सतार सोडून हे काय? सोडलंय कुठे? तुनाच्या लाकडाची पारख मला इथल्याच एका सतारमेकर चाचांनी दिली. फळी दोन बोटांत उभी धरायची, पेराने ठोकायची आणि गप्प राहायचं.

2009 मध्ये मी आणि भागीदार, दोघांनी सुरुवात केली. डोक्यात गिब्सन कंपनीची 1952 ची लेस पॉल गिटार, मागे महोगनी आणि वर मेपलचा थर. आपल्याकडे तून महोगनीच्याच कुळातलं, हलकं. वर शिसव घेतलं, ते जड. बॉडी 45 मिलिमीटर, त्यात शिसव 12 च्या पुढे नेलं की वाजवणारा तासाभरात पट्टा काढून ठेवतो. म्हणून तुनात पोकळ्या कोरायच्या, ब्रिजखालचा, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात तिथला गाभा मात्र भरीव. सागवानाच्या नादी लागू नका. तेलकट असतं, ॲसिटोनने पुसून लगेच जोडलं नाही तर सांधा धरत नाही.

मधली वर्षं बरी गेली.

2016 च्या पावसाळ्यात एका वखारवाल्याने ‘भट्टीत वाळवलेलं’ म्हणून शिसव दिलं. लाकडातली ओल मोजायचा मॉइश्चर मीटर होता, पण सेल संपलेला. चाळीस रुपयांचा सेल! ऑगस्टमध्ये जोडलं, मार्चच्या उन्हात वरचा थर आकसला. सांधे उघडले, बॉड्या वाटीसारख्या वळल्या, नेक पॉकेट, म्हणजे बॉडीत नेक बसायची खाच, ढिले. चौदा गिटारी परत. त्यातच जानेवारी 2017 पासून शिसवाच्या सगळ्या कुळाला साइट्सचे, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे, कागद लागू झाले आणि बाहेरची एक ऑर्डर अडकली. तयार वाद्यांना सूट मिळाली 2019 च्या नोव्हेंबरात. तोवर आमचा प्लेनर, म्हणजे रंध्याचं मशीन, विकून झाला होता.

भागीदार त्याआधीच गेला. जाताना लाकूड कोरायच्या राउटरची टेम्पलेटं, म्हणजे साचे, घेऊन गेला, आणि गिऱ्हाइकांना सांगत सुटला, ‘देशी लाकूड फुटणारच.’ लाकूड देशी होतं म्हणून नाही फुटलं, ओलं होतं म्हणून फुटलं. हे मी आजही कुणालाही थांबवून सांगतो.

कोल्हापूरचे एक ऑर्केस्ट्रावाले काका मात्र फुटकी गिटार घेऊन आले आणि म्हणाले, ‘पैसे राहू देत, उघडून दाखव.’ दिवसभर बाकड्यावर बसले. मी हीट गनने थर सोडवला, रंधा मारला. नवं शिसव वर्षभर माळ्यावर पट्ट्या घालून रचलं, मीटर दहा टक्क्यांच्या खाली आल्यावरच जोडलं. तेवढं वर्ष ते उसन्या गिटारीवर कार्यक्रम करत राहिले. ती गिटार अजून लग्नाच्या सीझनला वाजते.

भागीदार हल्ली ‘अस्सल देशी लाकडाच्या’ गिटारी विकतो. त्यातल्या काही दुरुस्तीला माझ्याकडे येतात. नेक काढला की पॉकेटचा डावा कोपरा जरा जास्त गोल दिसतो. पहिलं टेम्पलेट कापताना माझा हात तिथेच घसरला होता.