मे महिन्यातला डोळा

मिरज. मेअखेरचा रविवार, रात्र.

आज चर्चच्या उपासनेत योहानाच्या शुभवर्तमानाचा 15वा अध्याय वाचला गेला. द्राक्षवेल आणि फाटे. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडच्या माणसाला या उताऱ्यातली छाटणी समजावून सांगावी लागत नाही. एप्रिलात खरड छाटणी होते, काडीच्या बुडाशी एक-दोन डोळे, म्हणजे फुटणारे अंकुर, ठेवून बाकीचं सगळं कापतात. तेव्हा बाग अशी उघडी पडते की नवख्याला वाटावं, वेली मेल्या. मग फूट येते, विरळणी होते, शेंडे मारतात. छाटणीनंतर साधारण 40 ते 60 दिवसांच्या दरम्यान, भर उन्हात, नव्या काडीवरच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचा घड घडतो. वरून काही दिसत नाही. ऑक्टोबरच्या फळछाटणीआधी काडी प्रयोगशाळेत नेतात, डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात, तेव्हा कुठे कळतं की आत घड आहे की नुसती बाळी, म्हणजे घडाविना तणावा. त्या दिवसांत आभाळ भरून राहिलं, किंवा पाणी आणि नत्र जास्त झालं, तर वेल हिरवीगार माजते आणि घड कमी धरते.

दुःखाच्या काळासाठी हा दाखला मला फार मोलाचा वाटतो. पण तो कोणापुढे आणि केव्हा मांडायचा, याची काळजी घ्यायलाच हवी. ज्याच्या घरून परवाच प्रेतयात्रा निघाली, त्याला ‘देव तुझी छाटणी करतोय’ म्हणणं म्हणजे ताज्या कापावर मीठ चोळणं. योहानात छाटलेल्या फाट्याबद्दल जे म्हटलंय ते फळ देणाऱ्या फाट्याबद्दल आहे, आणि छाटणारा बाप आहे. शेजारी नव्हे.

‘देवाला आवडला म्हणून नेला’ हेही तसंच. पवित्र शास्त्रात असं कुठे लिहिलेलं नाही. प्रभू येशू आपला मित्र लाजर याच्या थडग्याकडे निघाला तेव्हा लाजराला मरून चार दिवस झाले होते, आपण त्याला उठवणार हेही त्याला ठाऊक होतं, तरी तो रडला. रोमकरांस पत्रातलं 8:28, सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात हे वचन, खरंच आहे. पण त्याच अध्यायात, त्याच्या दोनच ओव्या आधी, आत्मा शब्दांवाचून कण्हतो असं आहे. 26वी गाळून 28वीवर उडी मारली की सांत्वन पोकळ होतं, आणि ऐकणारा पुन्हा आपल्याजवळ मन उघडत नाही.

विश्वास ठेवणं म्हणजे गप्प बसणं, ही समजूत आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांत खोल गेली आहे. बायबलमधली स्तोत्रसंहिता तिला दुजोरा देत नाही. 150 स्तोत्रांत मोठा वाटा विलापाचा आहे. 13वं स्तोत्र घ्या, सहाच ओव्यांचं आहे. पहिल्या दोन ओव्यांत ‘कुठवर’ हा प्रश्न चार वेळा, पुढच्या दोनांत मागणं, आणि शेवटच्या दोनांत भरवसा. क्रम असा आहे, आणि पहिली पायरी कोणी गाळलेली नाही. 88वं तर शेवटपर्यंत उजळतच नाही, अंधारातच संपतं, तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. का? कारण अंधारातही ते देवालाच उद्देशून म्हटलेलं आहे. वधस्तंभावर प्रभूने 22व्याचीच पहिली ओळ म्हटली.

मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारणच नाही. तुकोबा दुष्काळात होरपळले, पहिली बायको अन्नावाचून गेली, आणि विठ्ठलाशी ते तोंड भरून भांडले. नारायण वामन टिळक तुकोबांच्याच पुलावरून ख्रिस्ताकडे आले असं सांगत. 1917 मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला तोही त्यांनीच. देवाशी भांडायची ती वाट आपल्या अंगणातूनच गेलेली आहे.

म्हणून वही. कोणी दुःखात असेल आणि प्रार्थना सुचत नसेल, तर 13व्या स्तोत्राच्या क्रमाने लिहायला सांगावं. पहिल्या भागात तक्रार, ती नेमकी. ‘मी दुःखी आहे’ एवढ्याने भागत नाही. ‘आईचा डायलिसिस आठवड्यातून तीनदा, सुईच्या भीतीने ती आदल्या रात्री झोपत नाही, तू कुठे आहेस’ असं. दुसऱ्या भागात मागणं, आज रात्रीपुरतं: झोप मिळो, रिपोर्ट यायच्या आधी मन शांत राहो. तिसऱ्या भागात देवाने पूर्वी केलेली एखादी गोष्ट, तारखेसकट. ती आठवली नाही तर जागा कोरी ठेवावी. भरवशाचं वाक्य ओढून ताणून लिहिलं की मन ते नाकारतं आणि दोन-चार दिवसांत वही बंद होते. पहिल्या भागावर बरेच जण अडतात, कारण देवाला असं बोलणं पाप वाटतं. सर्वस्व गमावून देवाशी वाद घालणाऱ्या ईयोबाबद्दल देवाने काय म्हटलं ते त्यांना दाखवावं. ईयोबाचे मित्र देवाची बाजू मांडत होते, तरी त्याच्या पुस्तकाच्या 42व्या अध्यायात देव त्यांच्यावर रागावतो आणि ईयोब बरोबर बोलला असं म्हणतो. त्या मित्रांनी सुरुवातीला सात दिवस, सात रात्री जमिनीवर बसून मौन पाळलं, तेवढंच त्यांचं चांगलं.

प्रेषित पौलाने देहातला, सतत छळणारा काटा काढण्यासाठी देवाला तीनदा विनवणी केली. काटा राहिला, कृपा पुरेशी आहे असं उत्तर आलं. तीनदा मागणं म्हणजे अविश्वास नव्हे.

मिरजेत दवाखान्यांच्या वऱ्हांड्यांत हे रोज लागतं. 1894 साली डॉ. वॉनलेस यांनी इथे मिशन रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून प्रार्थना आणि उपचार हातात हात घालून आहेत. तरीही विश्वासाच्या नावाने शुगरच्या, बीपीच्या, केमोच्या गोळ्या थांबवणारे भेटतात. स्पष्ट सांगावं: गोळी थांबवायची ती डॉक्टरांना विचारूनच. एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली पडला, तेव्हा दूताने उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला दिलं. पुढचा चाळीस दिवसांचा प्रवास त्यानंतरचा. आठवडे झाले तरी झोप नाही, जगण्यात रस नाही, असं दिसलं तर मनोविकार डॉक्टरांकडे स्वतः सोबत जावं. नुसता पत्ता देऊन थांबू नये.

पेशंटला भेटायला जाताना दहा-पंधरा मिनिटं पुरेत. खाटेवर न बसता स्टूल घ्यावं, डोळे समान पातळीवर येतील असं. ‘प्रार्थना करू का, काय मागू?’ हे आधी विचारावं, आणि तो म्हणेल तेच मागावं, त्याच्या शब्दांत. वचन एकच. पेशंटला उपाशी ठेवलंय का ते नर्सला विचारल्याशिवाय काही खायला देऊ नये. डबा असला तर तो सोबत बसलेल्या माणसाला द्यावा: तीन दिवस बाकावर काढलेल्या त्या काकूंना गरम भाकरी, आंघोळीची सोय आणि दोन तासांची झोप, यांची गरज पेशंटपेक्षाही जास्त असते.

आणि मरणानंतरच्या पहिल्या आठवड्यात घर भरलेलं असतं. मंडळीच्या वहीत तिसऱ्या महिन्याची तारीख लिहून ठेवावी, त्या दिवशी जाऊन नुसतं बसावं, चहा त्यांच्याकडूनच घ्यावा. बोलणं निघालं तर मृताचं नाव घ्यावं. लोक नाव घ्यायचंच टाळतात, आणि त्या घराला ते नाव ऐकायची भूक असते.