रिपोर्टमध्ये ‘सीबीडी डायलेटेड’ लिहून आलं तेव्हा

आईची सोनोग्राफी केली होती किडनीसाठी, आणि रिपोर्टच्या तळाशी एक ओळ, सीबीडी डायलेटेड, 9 मिमी. त्या रात्री मला झोप लागली नाही. सीबीडी म्हणजे लिव्हरकडून आतड्यात पित्त नेणारी मुख्य नळी, डायलेटेड म्हणजे रुंदावलेली, ती साधारण 6 मिमीपर्यंत नॉर्मल धरतात, मग 9 म्हणजे काय समजायचं?

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, गॉल ब्लॅडर काढलंय का? हो, 12 वर्षांपूर्वी. तर म्हणाले, ते काढल्यावर नळी थोडी रुंदावते, 10 मिमीपर्यंतही चालतं, शिवाय वयानुसारही ती जराशी रुंद होते. हे मला कोणी आदल्या दिवशी सांगितलं असतं तर!

पण तेवढ्यावर सोडून देऊ नका असंही ते म्हणाले, कारण पुढे कुठेतरी अडथळा असला की मागे पित्त तुंबतं आणि नळी फुगते. सगळ्यात कॉमन म्हणजे नळीत अडकलेला खडा, आणि गॉल ब्लॅडर काढलेलं असलं तरी तो होऊ शकतो. जुन्या ऑपरेशनमुळे किंवा स्वादुपिंडाच्या जुनाट सुजेने नळी एखाद्या जागी आवळली जाते, कधी जंत शिरतात, काहींना जन्मापासूनच नळीला फुगवटा असतो. आणि ज्याची भीती वाटते ते, म्हणजे नळीच्या तोंडाशी, नळीत किंवा स्वादुपिंडाच्या डोक्याच्या भागात गाठ. यात बऱ्याचदा दुखत काहीच नाही, नुसती कावीळ वाढत जाते, लघवी गडद, संडास पांढरट, अंगाला खाज, वजन कमी. दुखत नाही म्हणून घरगुती उपाय करत बसतात लोक, याचं मला फार वाईट वाटतं. आणि कावीळ, पोटदुखी, थंडी वाजून ताप हे एकत्र आलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, नळीत इन्फेक्शन असू शकतं.

म्हणून नुसता आकडा बघून काही ठरत नाही, सोबत एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी लागते, त्यात बिलिरुबिन आणि अल्कलाइन फॉस्फटेज बघतात. सोनोग्राफीत गॅसमुळे नळीचं खालचं टोक नीट दिसत नाही, तिथला खडा नजरेतून सुटू शकतो, त्यासाठी एमआरसीपी, म्हणजे पित्तनळ्यांचा एमआरआय. ईआरसीपी वेगळी, त्यात दुर्बिणीतून खडा काढता येतो, नुसतं बघायला सहसा करत नाहीत.

आईची एलएफटी नॉर्मल आली, एमआरसीपीत खडा नाही, गाठ नाही, नळी खाली व्यवस्थित निमुळती होत गेलेली. सहा महिन्यांनी परत रक्त तपासायचंय, तारीख मी आत्ताच लिहून ठेवलीये.