वॉरंटीत इंजिन बदलायचंय? आधी पावत्या शोधा

न्यू जर्सीत गाडीशिवाय पान हलत नाही, आणि आमची गाडी ऑइल खायला लागली होती. खाली थेंब नाही, मागे निळा धूर नाही, पण डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) ओढली की नुसतं टोक ओलं. वॉरंटी शिल्लक होती म्हणून बरं. अमेरिकेत बऱ्याच कंपन्या इंजिन-गिअरबॉक्सला 5 वर्षं किंवा 60,000 मैल, जे आधी भरेल ते, अशी हमी देतात. म्हणजे जवळपास साडेशहाण्णव हजार किलोमीटर. रोज लांब कामाला जाणाऱ्याचे तेवढे कधी होतात पत्ता लागत नाही.

सांगलीहून बाबांचा सल्ला आला, "इंजिन कशाला बदलतोस? रिंगा-पिस्टन टाकून घे." तिकडे ते बरोबरच आहे. चांगला मिस्त्री इंजिन उतरवतो, बोअर करतो, बांधून देतो. इथे मजुरीच इतकी की रिंगा बदलत बसण्यापेक्षा अख्खं इंजिन मागवणं बऱ्याचदा सोयीचं पडतं. मात्र अख्खं म्हणजे किती, ते विचारून घ्यायचं. शॉर्ट ब्लॉक असेल तर ब्लॉक, क्रँक, पिस्टन एवढंच येतं आणि वर हेड तुमचंच जुनं बसतं. लाँग ब्लॉक हेड, कॅमशाफ्ट, व्हॉल्व्हसकट येतो. शिवाय ते कोरं आहे की कारखान्यात पुन्हा बांधलेलं, आणि त्याची स्वतःची वॉरंटी किती, हेही लिहून घ्यावं. तोंडी "डोंट वरी"वर जाऊ नये.

पण त्याआधी परीक्षा. गाडी ऑइल खाते हे तुमच्या शब्दावर कोणी मानत नाही. डीलर ऑइल बदलून पातळी नोंदवतो, ड्रेन बोल्टवर रंगाची रेघ मारतो, झाकणाला सील लावतो आणि सांगतो, साधारण 1,000 मैल चालवून आणा. तेवढ्यात क्वार्टभर, म्हणजे लिटरला थोडं कमी, ऑइल उडालं तर अनेक कंपन्या तक्रार खरी धरतात. मधे आपण ऑइल ओतायचं नाही. सील तुटलं की परीक्षा पहिल्यापासून. डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला तर मात्र गाडी जागीच थांबवायची आणि डीलरला फोन करायचा.

खरी तयारी कागदांची. मी ऑइल घरीच, ड्राइव्हवेत बदलतो. डीलरच्या काउंटरवरच्या माणसाने हे ऐकून भुवई उंचावली. 1975 च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्यामुळे, ऑइल डीलरकडे बदललं नाही एवढ्याच कारणावर क्लेम नाकारता येत नाही. पण ते वेळेवर बदललं होतं का, हे विचारता येतं. म्हणून प्रत्येक वेळची पावती, ऑइलचा ग्रेड, फिल्टरचा नंबर आणि त्या दिवशीचे मैल, आईच्या दुधाच्या हिशेबासारखे एका वहीत. दुकानातल्या पावत्या थर्मल कागदाच्या असतात, वर्षभरात कोऱ्या पडतात. घरी आल्या आल्या फोटो काढा.

मग सहीचा कागद पुढे सरकतो. त्यात बारीक अक्षरात असतं की इंजिन खोलल्यावर दोष वॉरंटीबाहेरचा निघाला तर खोलण्याचा खर्च ग्राहकाचा. मी विचारलं, "कंपनीची मंजुरी आली? क्लेम नंबर काय?" तो म्हणाला, अजून नाही. मग म्हटलं, नंबर आला की सही करायला येतो. आवाज चढवायची गरज पडली नाही.

इंजिन बाहेर असताना बेल्ट, होज, थर्मोस्टॅट आपल्या पैशाने बदलून घेणं शहाणपणाचं. मजुरीत फारशी भर पडत नाही. फ्यूएल सिस्टम क्लीनिंगच्या पॅकेजला मात्र मी हात जोडले.

आदल्या रात्री गाडी रिकामी केली. डिकीतून मंडळाच्या गणपतीच्या मखराचे थर्माकोलचे तुकडे निघाले, चटया निघाल्या, एक ताक घुसळायची रवी निघाली (कोणाची, अजून कळलेलं नाही). मुलीची सीट, डॅशकॅम, गॅरेजचा रिमोट काढला. व्हील लॉकची चावी कप होल्डरमध्ये दिसेल अशी ठेवली. मैलांच्या आकड्याचे आणि चारी बाजूंचे फोटो घेतले. इंजिन धुतलं मुद्दामच नाही, तो चिकटा म्हणजे पुरावा.

काचेवरचा ईझी-पास, म्हणजे टोल भरायचा टॅग, काढायला विसरू नका. टर्नपाइक किंवा पार्कवे या इथल्या टोलच्या रस्त्यांवर तो दुरुस्तीपुरत्या मिळालेल्या बदली गाडीत लागतो, आणि त्या गाडीचा नंबर आपल्या खात्यात जोडावा लागतो. गाडी परत करताच नंबर काढूनही टाका, नाहीतर पुढच्या ग्राहकाचा टोल तुमच्या खात्यातून जायचा.

नवं इंजिन बसल्यावर लगेच इन्स्पेक्शनला, म्हणजे गाडीच्या सरकारी तपासणीला, जाण्यात अर्थ नाही. बॅटरी काढल्याने कॉम्प्युटरच्या प्रदूषणविषयक चाचण्या कोऱ्या होतात आणि यंत्र "नॉट रेडी" दाखवतं. काही दिवस गावात आणि हायवेवर मिळून गाडी फिरवली की त्या भरतात.

बाबांचा पुढचा प्रश्न होता, इंजिन नंबर आरसी बुकात चढवून घेतलास का. इथे गाडीच्या टायटलवर 17 अक्षर-अंकांचा व्हिन असतो, तो गाडीचा. इंजिन बदललं तरी तोच. आरटीओचा हेलपाटा नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "मग जुनं इंजिन भंगारात तरी किती गेलं?" तेही कंपनीच परत नेते, हे ऐकून त्यांनी फोन आईकडे दिला.